मनोव्याधी, बोधनिक वर्तनोपचार आणि धम्मदृष्टी

भगवान बुद्धांच्या धम्मात मनाला अग्रस्थान आहे, हे आम्ही धम्मपदाच्या पहिल्याच गाथेपासून शिकत आलो आहोत. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बुद्धांच्या शिकवणुकीचे पहिले वैशिष्ट्य म्हणून याच गोष्टीचा निर्देश केला आहे. तथापि जे मन कुशल कर्माचे उगमस्थान आहे, तेच मन शरीराप्रमाणे आजारीही पडू शकते, याचा विचार आमच्या विहारांतून अभावानेच होतो. अंगुत्तर निकायातील रोगसुत्तात तथागतांनी रोगाचे कायिक व चैतसिक असे दोन प्रकार सांगितले आहेत. तेथील चैतसिक रोग म्हणजे लोभ, द्वेष, मोहादी क्लेश होत. आजच्या वैद्यकशास्त्रातील मनोविकार आणि हे क्लेश एकच नव्हेत. हा भेद विसरल्यामुळे केवढा अनर्थ होतो, हे सांगण्यासाठीच प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे.

यंदाच्या वर्षावासात एका प्रवचनानंतर एक वयोवृद्ध उपासिका आम्हांस भेटावयास आल्या. त्यांचा पदवीधर मुलगा दिवसातून असंख्य वेळा हात धुतो. वंदना म्हणताना एखादा शब्द चुकला असेल या भीतीने त्रिसरण-पंचशील पुन्हा पहिल्यापासून म्हणतो, आणि हा क्रम कधी कधी पहाटेपर्यंत चालतो. नातेवाइकांपैकी काहींनी ‘बाहेरची बाधा’ सांगून त्याला मांत्रिकाकडे नेण्याचा आग्रह धरला होता. विहारातील काहींनी ‘श्रद्धा कमी पडते, ध्यान वाढवा’ असा उपदेश केला होता. “आमच्या धम्मपालनात काय उणे राहिले?” असा प्रश्न त्या माउलीने डोळ्यांत पाणी आणून विचारला. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आम्हांस एका उपचारपद्धतीच्या इतिहासाकडे वळावे लागले. तिला इंग्रजीत ‘कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी’ म्हणतात. मराठीत तिला बोधनिक वर्तनोपचार म्हणता येईल. विचार, भावना आणि वर्तन ही परस्परांत गुंतलेली असतात, आणि विचार तपासून व वर्तन पायरीपायरीने बदलून मनोव्याधीची पकड सैल करता येते, हे या पद्धतीचे सार होय.

भयाचा अभ्यास : प्रारंभीचे प्रयोग

या पद्धतीचा एक प्रवाह वर्तनाच्या अभ्यासातून आला. १९२० साली अमेरिकेत जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी एका तान्ह्या मुलाच्या मनात मोठ्या आवाजाच्या साह्याने पांढऱ्या उंदराची भीती निर्माण केली आणि ती दूर न करताच त्याला जाऊ दिले. हा प्रयोग आज आम्हांस निर्दय वाटतो. परंतु भीती जर शिकविता येते, तर ती विसरविताही आली पाहिजे, असा प्रश्न त्यातून उभा राहिला. त्याचे उत्तर मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधिकेने १९२४ साली प्रसिद्ध केले. पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा सशाला घाबरत असे. तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातील ससा दररोज थोडा थोडा जवळ आणला गेला. अखेरीस पीटर सशाला हात लावू लागला.

पुढे दक्षिण आफ्रिकेतील डॉ. जोसेफ वोल्प यांनी या तत्त्वाला उपचाराचे पद्धतशीर रूप दिले. शरीर व मन शिथिल करून भयाच्या प्रसंगांना चढत्या क्रमाने सामोरे जाण्याची त्यांची पद्धत १९५८ सालच्या ग्रंथाने सर्वतोमुखी झाली. १९६६ साली लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात व्हिक्टर मेयर यांनी त्याहून कठीण काम हाती घेतले. ज्या विकाराला आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात, तो त्या काळी जवळजवळ असाध्य समजला जाई. मेयर यांनी आपल्या रुग्णांना ज्या वस्तूंची घाण वा धास्ती वाटे, त्यांच्या सान्निध्यात ठेवले. मात्र नंतर धुण्याचे, शुद्धीचे कर्मकांड करू दिले नाही. मनाची तगमग प्रथम वाढली आणि मग, कर्मकांडावाचूनही, ओसरली. आजही मंत्रचळावरील मानसोपचाराचा पाया हाच आहे.

विचाराची तपासणी : एलिस आणि बेक

दुसरा प्रवाह विचाराच्या अभ्यासातून आला. न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस (१९१३-२००७) आणि फिलाडेल्फियाचे डॉ. आरन बेक (१९२१-२०२१) हे दोघेही मूळचे मनोविश्लेषणाच्या परंपरेतील. १९५५ च्या सुमारास एलिस यांनी ती परंपरा सोडून विवेकनिष्ठ उपचाराची मांडणी केली. प्रसंगाने नव्हे, तर प्रसंगाविषयीच्या हट्टी समजुतींनी माणूस अधिक खचतो, हे त्यांचे प्रतिपादन प्राचीन ग्रीक-रोमन स्टोइक तत्त्वज्ञांच्या वाचनातून पुष्ट झाले होते. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला आणि हा विचार मराठी वाचकांपर्यंत आणला, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

बेक यांची वाटचाल आमच्या वाचकांना विशेष उद्बोधक वाटेल. नैराश्य म्हणजे आतल्या बाजूस वळलेला राग, हा मनोविश्लेषणाचा सिद्धांत. तो सिद्ध करण्यासाठीच बेक यांनी रुग्णांची स्वप्ने तपासावयास घेतली. त्यांना रागाऐवजी पराभव, हानी आणि वंचना आढळली. पुरावा सिद्धांताच्या विरोधात गेला, तेव्हा बेक यांनी पुराव्याची बाजू घेतली. रुग्णाच्या मनात ‘मी नालायक आहे’, ‘जग माझ्या विरुद्ध आहे’, ‘पुढे काहीही बदलणार नाही’ असे विचार आपोआप उमटत राहतात, आणि तो त्यांना विचार न मानता वस्तुस्थितीच मानतो, हे त्यांच्या ध्यानी आले. या तीन विचारांची साखळी कशी तपासावी, अनुकूल व प्रतिकूल पुरावा रुग्णाबरोबर बसून कसा मांडावा, याची पद्धत त्यांनी सिद्ध केली. १९७७ साली ४१ रुग्णांवरील तुलनात्मक अभ्यासात ही पद्धत इमिप्रामिन या त्या काळच्या प्रमाणित औषधाच्या तोडीस उतरली, किंबहुना त्याहून सरस ठरली. औषधाला केवळ संभाषणाने अशी बरोबरी देता येते, हे त्या वेळी अनेकांना नवल वाटले.

कोणत्या व्याधींवर गुण येतो

या उपचाराचा अधिकार एकदम प्रस्थापित झालेला नाही. प्रत्येक व्याधीसाठी स्वतंत्र मांडणी झाली, स्वतंत्र चाचण्या झाल्या, आणि मगच ती व्याधी यादीत आली. सौम्य व मध्यम नैराश्यात हा उपचार एकटाही पुरेसा होऊ शकतो. तीव्र नैराश्यात औषधाच्या जोडीने तो अधिक लाभतो. अकस्मात छातीत धडधडून ‘आता प्राण जाणार’ असे वाटते, त्या भयाच्या झटक्यांचे कोडे १९८६ साली डेव्हिड क्लार्क यांनी उलगडले. शरीरातील साध्या संवेदनेचा अर्थ रुग्ण मृत्यू किंवा वेड असा लावतो, त्या अर्थाने भीती वाढते आणि भीतीने धडधड वाढते, असे ते चक्र होय. चारचौघांत बोलण्याचे भय, विशिष्ट वस्तूंचे भयगंड, सततची काळजी, आपल्याला मोठा रोग झाला आहे ही धास्ती, अत्याचार वा अपघातानंतर पुनःपुन्हा छळणाऱ्या आठवणी, अधाशीपणे खाऊन उलटी काढण्याचा विकार, या सर्वांत त्याचा उपयोग सिद्ध झाला आहे. दीर्घकालीन निद्रानाशात तर गोळ्यांआधी हाच उपचार द्यावा, अशी शिफारस अमेरिकेतील वैद्यांच्या प्रमुख संस्थेने २०१६ साली केली. दारूचे व्यसन सोडविण्यातही त्याचे साह्य होते.

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. आत्महत्येचा प्रयत्न करून रुग्णालयात आलेल्या १२० जणांपैकी निम्म्यांना या उपचाराच्या सुमारे दहा बैठकी देण्यात आल्या. पुढील दीड वर्षात त्या गटातील २४ टक्के, तर दुसऱ्या गटातील ४२ टक्के लोकांनी पुन्हा प्रयत्न केला. दहा बैठकींनी एवढा फरक पडू शकतो, ही गोष्ट ज्यांच्या घरात असे दुःख घडले आहे त्यांना कळावी.

मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. स्किझोफ्रेनिया आणि उन्माद-नैराश्याचा द्विध्रुवी विकार यांत औषधे हाच मुख्य आधार असतो. हा उपचार तेथे पूरक असतो, पर्याय नव्हे. शिवाय हा उपचार सर्वांनाच लागू पडतो असे नाही, आणि ज्यांना लागू पडतो त्यांनाही घरी नेमाने सराव करावा लागतो.

पिटकांतील साम्य आणि त्याची मर्यादा

धम्माशी या उपचाराचे नाते दाखविण्याचे काम श्रीलंकेत जन्मलेले आणि लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायकिॲट्रीत काम केलेले मानसशास्त्रज्ञ पद्मल डी सिल्वा यांनी १९८० च्या दशकात केले. बौद्ध साहित्यात वर्तन बदलण्याचे जे व्यावहारिक उपाय आले आहेत, ते आधुनिक वर्तनोपचाराच्या तंत्रांशी जुळतात, हे त्यांनी १९८४ सालच्या लेखात साधार दाखविले.

मज्झिम निकायातील वितक्कसंठान सुत्त हे त्यांचे मुख्य उदाहरण. नको असलेल्या विचारांवर तेथे पाच उपाय क्रमाने सांगितले आहेत. सुतार बारीक खुंटीने जाड खुंटी बाहेर काढतो, तसा एका विचाराच्या जागी दुसरा आणावा. त्या विचारातील दोष पाहावा. त्याच्याकडे लक्षच देऊ नये. भरभर चालणारा माणूस सावकाश चालतो, मग थांबतो, मग बसतो, तसा विचाराचा वेग मूळ शोधून मंदावावा. आणि शेवटी, यांपैकी काहीच न साधल्यास, दात आवळून मनाने मनाला दाबावे. एक उपाय निष्फळ ठरला तर दुसरा घ्यावा, ही या सुत्ताची रीत कोणत्याही अनुभवी उपचारकाला आपली वाटेल.

त्याच निकायातील भयभेरव सुत्त आम्हांस त्याहूनही महत्त्वाचे वाटते. संबोधीपूर्वी बोधिसत्त्व, लोक ज्यांना भितात अशा वनचैत्यांत आणि वृक्षचैत्यांत, विशेष मानल्या गेलेल्या रात्री मुद्दाम जाऊन राहिले. मोराने काटकी पाडली, वाऱ्याने पाचोळा हलला की भय येई. चालताना भय आले तर ते नाहीसे होईपर्यंत ते चालतच राहिले, बसलेले असताना आले तर बसूनच राहिले. भयापासून पळावयाचे नाही आणि ते शमविण्यासाठी कोणताही विधी करावयाचा नाही. जोन्स, वोल्प आणि मेयर यांच्या कार्याशी याचे साम्य कोणाच्याही ध्यानात येईल. ज्या गावात आजही विशिष्ट झाडाची आणि अमावास्येची भीती घातली जाते, त्या गावाला हे सुत्त वाचून दाखविणे हेच एक प्रबोधन आहे.

मात्र ‘हे सारे आमच्या ग्रंथांत आधीच होते’ असा अभिमान मिरविण्याचा मोह आम्ही टाळला पाहिजे. सुत्तांतील उपाय ध्यानमार्गावरील भिक्षूंसाठी सांगितलेले आहेत, रुग्णांसाठी नव्हेत. विचार बळाने दाबण्याचे परिणाम १९८७ साली डॅनियल वेग्नर यांनी प्रयोगाने तपासले. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असे सांगितलेल्या माणसांच्या मनात तेच अस्वल वारंवार येत राहिले. म्हणूनच मंत्रचळाच्या रुग्णाला ‘विचार दाबा’ असे सांगणे घातक ठरते. विचार येऊ द्यावा, कर्मकांड तेवढे करू नये, असे आजचे शास्त्र सांगते. दात आवळण्याचा उपाय सुत्तातही शेवटचाच ठेवलेला आहे, हे विसरू नये. ध्यानाविषयीही असाच विवेक हवा. २००० साली टीसडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १४५ जणांचा अभ्यास केला. नैराश्यातून बरे झालेल्या, परंतु पूर्वी तीन वा अधिक वेळा त्यात सापडलेल्या व्यक्तींना स्मृतीचा, म्हणजे सतीचा, सराव शिकविल्यावर आजार उलटण्याचे प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आले. पण हा सराव बरे झालेल्यांसाठी होता आणि प्रशिक्षित व्यक्तींच्या देखरेखीखाली होता. तीव्र आजारात असलेल्या माणसाला दहा दिवसांच्या मौनात एकटे बसविणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती धोक्याची ठरू शकते.

अपमान हा विचारदोष नव्हे

येथे आमच्या समाजातील जाणत्या तरुणांचा एक रास्त आक्षेप पुढे येतो. दुःखाचे कारण विचारांत आहे असे म्हणावयाचे, तर जातीने दिलेला अपमान हाही आमच्या मनाचा खेळच काय? हा आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. २००७ साली प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या भेदभावाच्या वागणुकीची नोंद केली. जो विद्यार्थी ‘मला येथे कमी लेखले जाते’ असे म्हणतो, त्याचा विचार चुकीचा नसतो. तो पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देत असतो. त्याला ‘दृष्टिकोन बदला’ असे सांगणारा उपचारक उपचार करीत नाही, अन्यायाची पाठराखण करतो. मागील जन्मीच्या कर्माने ही अवस्था आली, असे सांगणाऱ्या जुन्या उपदेशकात आणि त्याच्यात मग फरक तो काय?

संयुत्त निकायातील सल्लसुत्तात दोन बाणांचा दृष्टांत आहे. एक बाण लागला की वेदना होते. अज्ञ मनुष्य शोक करून स्वतःला दुसऱ्या बाणाची वेदना लावून घेतो. जातीचा अपमान हा पहिला बाण होय. तो समाजाने मारलेला आहे, आणि तो मारणारे हात थांबविण्याचे मार्ग संघटन, शिक्षण आणि संविधान हेच आहेत. ते काम कोणत्याही मानसोपचाराचे नव्हे. परंतु त्या अपमानातून ‘मीच नालायक आहे, माझ्या जगण्याला अर्थ नाही’ असा निष्कर्ष मनात रुजला, तर तो दुसरा बाण होय. तो खोटा निष्कर्ष आहे, आणि तो उपटता येतो. अन्याय करणारा जे म्हणतो, तेच पीडिताने स्वतःविषयी मानू नये, यासाठी तर बाबासाहेबांनी आयुष्य वेचले. चांगला उपचारक पहिल्या बाणाला बाण म्हणतो, आणि रुग्णाबरोबर बसून दुसरा काढतो. लढण्यासाठी माणूस आधी जगला पाहिजे.

सामान्यांच्या हाती उपचार

हा उपचार महागडा आहे, शहरातील इंग्रजी जाणणाऱ्यांचा आहे, हा समजही आता टिकत नाही. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आरोग्यसेविकांना या पद्धतीचे प्रशिक्षण देण्यात आले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९०३ नैराश्यग्रस्त गरोदर स्त्रियांचा समावेश होता. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी उपचार मिळालेल्यांपैकी २३ टक्के, तर इतरांपैकी ५३ टक्के स्त्रियांत नैराश्य आढळले.

आपल्या शेजारी गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ तीव्र नैराश्यग्रस्तांचा अभ्यास केला. तो २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. येथे उपचारक हे मनोवैद्य नव्हते, तर मनोवैद्यकाचे व्यावसायिक शिक्षण नसलेली, पण प्रशिक्षण घेतलेली सामान्य माणसे होती. सहा ते आठ बैठकींत त्यांनी रुग्णाला एवढेच शिकविले, की उत्साह येण्याची वाट न पाहता सुटलेली छोटी छोटी कामे पुन्हा सुरू करावीत, माणसांत जावे, आणि अडचणींचे तुकडे करून एकेक सोडवावी. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून सावरले होते. केवळ केंद्रातील नेहमीचे, थोडे सुधारित साह्य मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

या आकड्यांचा अर्थ आमच्या विहारांनी नीट समजून घ्यावा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील सुमारे १०.६ टक्के प्रौढ मनोविकाराने ग्रस्त आढळले, आणि त्यांतील बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने शासकीय सेवेत उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ची विनामूल्य सेवाही सुरू झाली आहे. हा क्रमांक प्रत्येक विहाराच्या फलकावर, बुद्धवंदनेच्या वेळापत्रकाशेजारी लिहिलेला असावा. महिला मंडळातील दोन-चार सुशिक्षित भगिनींनी जवळच्या शासकीय रुग्णालयाशी संपर्क ठेवून प्राथमिक प्रशिक्षण घेतले, तर किती घरे सावरतील, याचा विचार उपासक-उपासिकांनीच करावा.

उत्तर

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे येऊ. केसपुत्त येथे कालामांना उपदेश करताना तथागतांनी परंपरेने वा गुरूच्या शब्दाने नव्हे, तर स्वतः पारखून स्वीकारावयास सांगितले. बेक यांनी स्वतःचा सिद्धांत पुराव्यापुढे सोडला, तो याच वृत्तीने. तीच कसोटी आम्ही आमच्या उपदेशांनाही लावली पाहिजे. ‘ध्यान वाढवा’ या उपदेशाने त्या मुलाची वंदना पहाटेपर्यंत लांबली असेल, तर तो उपदेश चुकला. शब्द चुकेल या भीतीने पुनःपुन्हा म्हटलेली वंदना ही वंदना राहत नाही. ती हात धुण्यासारखेच व्याधीचे लक्षण बनते. कर्मकांडाला चिकटून राहण्यास धम्मात सीलब्बतपरामास म्हटले आहे आणि ते दहा संयोजनांपैकी एक आहे, हे खरे. पण मंत्रचळाच्या रुग्णाला तो दोष लावणे म्हणजे खोकणाऱ्याला शिष्टाचार शिकविणे होय.

आम्ही त्या माउलीस सांगितले, की तुमच्या धम्मपालनात काहीही उणे राहिलेले नाही. मुलाला जो आजार आहे त्याला नाव आहे, त्याचे शास्त्र आहे, आणि त्यावर उपचार आहे. मांत्रिकाकडे जाऊ नका; सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जा, वर्तनोपचार मिळेल का हे विचारा, आणि औषध दिले तर ते नियमित द्या. घरी वंदना एकदाच, सर्वांनी मिळून म्हणा. शब्द चुकला तरी पुढे जा.